इंग्लंडात पुन्हा आठ काढताना

भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये गाडी चालवता येते ती राहायला आल्यापासून बारा महिने. पुढे ते कार्ड पाकिटात ठेवायचं आणि मुळापासून सुरुवात करायची. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर अशा काही देशांची लायसन्सं इथे बदलून मिळतात. त्या यादीत भारत नाही. चारचाकीची परीक्षा मी आल्या आल्या उरकून घेतली होती आणि त्यातच टू-व्हीलरची शिकाऊ परवानगीही मिळाली होती. पण टू-व्हीलरचं काम लांबवत राहिलो. संध्याकाळी सातला कर्वे रोडवरून गाडी काढत रोज घरी पोचलेल्या माणसाला डर्बीसारख्या निवांत गावात कोण काय शिकवणार, असा माझा सवाल होता.

आधी एक दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण, ज्याला सगळे ‘सीबीटी’ म्हणतात. मग कॉम्प्युटरवरची थिअरी. मग मॉड वन, म्हणजे बंद मैदानातली परीक्षा, आणि ती पास झालात तर मॉड टू, रस्त्यावरची. सीबीटी १९९०पासून आहे. नुसत्या त्याच्यावर एल बोर्ड लावून १२५ सीसीपर्यंतची गाडी दोन वर्षं चालवता येते, पण मागे कुणाला बसवायचं नाही आणि मोटरवेवर जायचं नाही. वय चोवीस किंवा त्याहून जास्त असेल तर पुढच्या परीक्षा थेट मोठ्या गाडीवर देऊन हव्या त्या ताकदीच्या गाडीचं लायसन्स मिळतं. वयाच्या बाबतीत मला अडचण नव्हती. सगळा खर्च धरून हजार पौंडांच्या आसपास जातात. हा आकडा ऐकून माझा पुण्यातला भाऊ म्हणाला, “दादा, एवढ्यात इथे नवी गाडी येते, आणि लायसन्स वर.”

सीबीटीला आम्ही चौघं होतो. खाण्याच्या डिलिव्हरीचं काम मिळवायला निघालेला सतरा वर्षांचा मुलगा, मुलं मोठी झाल्यावर जुनी हौस पुरी करायला आलेली एक नर्सबाई, नुकता रिटायर झालेला एक गृहस्थ आणि मी. इंग्लंडात दुचाकी कोण चालवतं याचं हे बरंचसं खरं चित्र होतं. एकतर पोटासाठी चालवणारी पोरं, नाहीतर पन्नाशीनंतर हौसेला मोकळी झालेली मंडळी. मधलं सगळं आपल्याकडे असतं: ऑफिसला जाणारा, भाजी आणणारी, क्लासला पोरं सोडणारी, गॅसचं सिलिंडर नेणारा. भारतात वर्षाला जवळपास दोन कोटी दुचाक्या विकल्या जातात, ब्रिटनमध्ये लाख-सव्वा लाख. बाकी फरक या एका आकड्यातून उगवतात असं माझं मत आहे.

गाडीला हात लावायच्या आधी तासभर कपड्यांवर गेला. मास्तर साठीचा, पोलिसातून निवृत्त झाल्यासारखा दिसणारा. त्याने टेबलावर एक हातमोजा ठेवला. तळव्याच्या बाजूचं कातडं पार घासून गेलेलं, आतलं अस्तर बाहेर आलेलं. “पडताना माणूस आधी काय टेकवतो?” एवढंच विचारलं आणि मोजा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरवला. मी पुण्यात उन्हासाठी स्टोल गुंडाळलेल्या, कोपरापर्यंत मोजे चढवलेल्या मुली रोज पाहिल्यात. पण ते मोजे त्वचा काळी पडू नये म्हणून. चपलेवर गाडी चालवायचा तर आम्हाला जन्मसिद्ध हक्क. हेल्मेटसक्ती म्हटलं की पुण्यात मोर्चे निघतात. इथे हेल्मेट सक्तीचं झालं १९७३ साली आणि १९७६ मध्ये फेटा बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट मिळाली. त्या वादानंतर आता डोक्यावर हेल्मेट का, हा प्रश्न कुणाला पडलेला मला दिसला नाही. प्रश्न असतात ते कुठलं, सुरक्षेच्या किती ताऱ्यांचं, आणि एकदा आपटलेलं असेल तर टाकून दिलंस का, असे.

मैदानात गाडीवर बसलो आणि माझ्या डाव्या पायाने बंड केलं. मी शिकलो वडिलांच्या सीडी-हंड्रेडवर. तिचे चारही गिअर खाली दाबत जायचे. नंतर एक खाली बाकी वर अशा गाड्याही चालवल्या, पण लहानपणी शिकलेला पाय गडबडीत दाबायलाच जातो. मास्तर लांबून नुसता बघत होता. जवळ येऊन म्हणाला, “गाडी येते तुला. आता मागे बघायला शीक.”

पुढचे सगळे दिवस या एका वाक्यात गेले.

कानात रेडिओ लावून आम्ही रस्त्यावर निघालो, मास्तर मागच्या गाडीवर. उजवीकडे वळायचं तर आधी आरसे, मग इंडिकेटर, मग जागा बदलायची, वेग कमी करायचा, आणि वळायच्या अगदी आधीच्या क्षणाला मान फिरवून खांद्यावरून मागे बघायचं. याला ते ‘लाइफसेव्हर’ म्हणतात. आरशात न दिसणारी एक पट्टी असते, तिच्यात कुणी ओव्हरटेक करत असेल तर शेवटची संधी हीच. मी आरशात बघत होतो, मानही फिरवत होतो. तेवढ्यात कानात आवाज आला, “तुझ्या मागची गाडी कुठल्या रंगाची आहे?” मला सांगता येईना. शंभर मीटरवर पुन्हा तोच प्रश्न. मग पेट्रोल पंपापाशी पुन्हा. दुपारपर्यंत माझ्या मागे कोण, कुठल्या रंगाचं, किती लांब आणि किती घाईत आहे, हे मला न विचारता माहीत असायला लागलं.

पुण्यात हे माहीत असायची कधी गरज पडली नाही, कारण मागचा स्वतःच कळवतो. हॉर्न आपल्याकडे त्यासाठीच तर आहे. आपल्या रस्त्यांचा न लिहिलेला करार असा: ज्याचं पुढचं चाक पुढे, त्याचा हक्क, मागच्याने सांभाळून घ्यायचं आणि आपण आहोत हे वाजवून सांगायचं. प्रत्येकाने समोरच्या अर्ध्या वर्तुळाची काळजी घेतली की सगळ्यांचं पूर्ण वर्तुळ भरतं, असा तो हिशेब आहे. बाहेरून गोंधळ दिसतो, पण आत एक शिस्त आहे आणि तिच्यात कौशल्यही लागतं. आरसे आत दुमडून ठेवणारी मंडळी मूर्ख नसतात. त्यांना गर्दीत तीन इंच जास्त हवे असतात आणि आरशाचं काम त्यांचे कान करतात. इंग्लंडात कान रिकामे. कुणी वाजवतच नाही. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायलाच बंदी आहे आणि उभ्या गाडीतून वाजवायलाही, कुणामुळे धोका असेल तरच सूट. त्यामुळे इथे हॉर्न ऐकू आला की लोक दचकतात, आणि बऱ्याचदा तो शिवी म्हणूनच वाजवलेला असतो.

डिपरचं तर उलटंच निघालं. आपल्याकडे समोरच्याने लाइट मारला तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. इथे चिंचोळ्या रस्त्यावर समोरच्या कारने लाइट मारला म्हणून मी कडेला थांबलो, तर ती बाईही थांबलेली. दोघं एकमेकांची वाट बघतोय. ती मला आधी जायला सांगत होती. नियमाच्या पुस्तकात म्हणाल तर लाइट मारून फक्त ‘मी इथे आहे’ एवढंच सांगायची परवानगी आहे. पण लोक सर्रास ‘या, तुम्ही आधी’ अशा अर्थाने मारतात. मास्तरचं म्हणणं, दोन्ही अर्थ विसरून जा, रस्ता मोकळा आहे का ते आपल्या डोळ्यांनी बघून ठरव.

रस्त्यावरची जागासुद्धा नव्याने शिकावी लागली. आपण डाव्या कडेने, खड्डे आणि वाळू चुकवत, मोठ्यांना वाट देत चालवतो. इथे दुचाकीने लेनच्या मधोमध राहायचं. कडेला गेलास तर कारवाल्याला वाटेल शेजारून घुसता येईल, आणि तू उगाच चेंगरशील. पहिल्यांदा मोठ्या ट्रकच्या पुढे लेनच्या मध्यावर, त्याला वाट न देता जाताना मला भयंकर उद्धट वाटत होतं. ट्रकवाला गुपचूप मागे चालत राहिला.

थिअरीत पन्नास प्रश्न, सत्तावन्न मिनिटं आणि पासाला ४३ बरोबर. पुस्तक वाचलं की होतं. खरी मजा दुसऱ्या भागात. चौदा व्हिडिओ दाखवतात आणि धोका उलगडायला लागला की क्लिक करायचं. जितकं लवकर तितके जास्त मार्क, ७५ पैकी ४४ हवेत. आणि उगाच क्लिक करत राहिलात तर त्या व्हिडिओला शून्य. घरी सराव करताना बायको शेजारी बसली होती. स्क्रीनवर एक म्हातारा फुटपाथवर उभा. तिने विचारलं, “हा धोका का?” नाही, तो अजून उभा आहे. तो रस्त्याकडे वळला की धोका सुरू. “मग आपल्याकडे तर पूर्ण वेळ माऊस दाबूनच धरावा लागेल,” ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. मला पहिल्या काही व्हिडिओंत धोका दिसतच नव्हता. पार्क केलेल्या गाडीचं दार उघडेल, चेंडूमागे पोर येईल, ही माझ्या लेखी रोजची रहदारी होती.

मॉड वनला मोठी गाडी आली, साडेसहाशे सीसीची कावासाकी. परीक्षेला किमान ५९५ सीसी आणि १७५ किलोंची गाडी लागते. परीक्षा वीसएक मिनिटांची. आधी इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात उलटी लावायची, मग शंकूंमधून नागमोडी, आणि मग दोन शंकूंभोवती आठ. आर.टी.ओ.च्या मैदानात पाय न टेकता काढलेला तोच आठ! मी मनातल्या मनात हसलो. सहावीतला श्लोक अचानक तोंडात यावा तसा आठ निघाला. फरक इतकाच, की आपल्याकडे त्या आठावर परीक्षा जवळजवळ संपते, आणि इथे तिथून सुरू होते.

त्यानंतर चालण्याच्या वेगाने सरळ रेषेत, मग आखलेल्या दोन रेषांच्या आत यू-टर्न. यू-टर्नच्या आधी खांद्यावरून मागे बघायचंच. मैदान बंद, फाटकाला कडी, आत फक्त मी आणि पिवळं जाकीट घातलेली परीक्षक बाई. मागे बघायला काहीसुद्धा नाही. तरी बघायचं. माझ्या आधीच्या मुलाने यू-टर्न देखणा काढला, पण मान हलवली नाही, तो नापास. बाहेर येऊन चिडून म्हणत होता, “मागे होतं काय, भिंत!” मास्तर शांतपणे म्हणाला, “भिंत होती हे तुला बघून कळलं की आधीच ठाऊक होतं?”

शेवटी दोन वेगवान कसरती. वळणावरून येऊन ताशी किमान ५० किलोमीटरने वेग मोजणाऱ्या यंत्रापुढून जायचं आणि परीक्षकाने हात वर केला की अर्जंट ब्रेक. दुसऱ्यांदा त्याच वेगाने येऊन अडथळा चुकवत गाडी बाजूला काढायची आणि चार शंकूंच्या चौकोनात थांबवायची. सगळा देश मैलांत बोलतो, गाडीच्या काट्यावर मैल, पाट्यांवर मैल, फक्त या मैदानात किलोमीटर. २००९मध्ये युरोपीय नियमाबरोबर ही परीक्षा आली, मग ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, पण किलोमीटर मागे राहिले. इंग्रज पोरं हिशेब करत बसतात. मला एकदा तरी घरच्या आकड्यात परीक्षा मिळाली. त्या दिवशी बारीक पाऊस होता. पावसात परीक्षा पुढे ढकलतील अशी माझी समजूत होती. पुण्यात पहिली सर आली की सगळ्या दुचाक्या फ्लायओव्हरखाली गोळा होतात, चहावाल्याचा धंदा होतो, ऑफिसात उशिराचं कारण सगळ्यांना मान्य असतं. इथे पाऊस हे कारणच नाही. ओल्या डांबरावर पन्नासला ब्रेक मारला, गाडी थांबली, आणि पुढचा ब्रेक हलकेच सुरू करून मग वाढवत न्यायचा म्हणजे काय ते त्या दिवशी हाताला कळलं. आमच्याकडे पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील, असं घरोघरी शिकवतात. बिनधास्त सांगतो, हे शिक्षण घातक आहे. थांबवायची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते.

मॉड टू सुमारे चाळीस मिनिटांची. आधी वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचायची, मग गाडीबद्दल दोन-तीन प्रश्न, मग परीक्षक मागे आणि आवाज कानात. दहा मिनिटं नुसत्या पाट्यांवरून आपली आपण वाट काढायची. इथे माझ्या बाबतीत अडला तो हळूपणा. मास्तरने सरावात हे आधीच बजावलं होतं. साठ मैलांची मर्यादा असलेल्या मोकळ्या रस्त्यावर विनाकारण पंचेचाळिसाने गेलास तर तोही दोष. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, पण मोकळा असताना थांबून राहिलास तरी दोष. आपल्याकडे सावकाश जाणारा शहाणा. इथे तुझ्या सावकाशीने मागचा चिडून भलता ओव्हरटेक करेल, त्याची जबाबदारी तुझ्यावर. पुन्हा मागचा! पास झालो तेव्हा परीक्षकाने एकच शेरा दिला, इंडिकेटर बंद करायला क्षणभर उशीर होतो. पुण्यात चालू राहिला असता तर शेजारून जाणाऱ्याने ओरडून सांगितलं असतं.

ही एक गोष्ट मला इथे फार जाणवते. आपल्या रस्त्यावर अनोळखी माणूस तुमच्याशी सतत बोलत असतो. “ताई, ओढणी!” “काका, स्टँड!” दिवसा लाइट चालू दिसला की समोरून येणारा पाच बोटं मिटून-उघडून दाखवायचा. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाक्यांचे दिवे कायम चालूच असतात, बंद करायला बटणही नाही, तरी लोकांनी बोटं मिटणं सोडायला किती वर्षं घेतली. इंग्लंडात साइड स्टँड उघडा राहिला तर गाडीच बंद पडते; माणूस काही सांगायला येत नाही.

पण दुचाकीवाला दुचाकीवाल्याला भेटतो तेव्हा मान डोलावतो. समोरून येणारा, पूर्ण अनोळखी, हेल्मेटमधून चेहरा दिसत नाही, तरी किंचित मान. डावीकडून गाड्या चालणाऱ्या देशात समोरचा तुमच्या उजव्या हाताला येतो आणि उजवा हात थ्रॉटलवर असतो, म्हणून मान. युरोपात उजवीकडून चालवतात, तिथे डावा हात मोकळा, तर हात खाली सोडून दोन बोटं दाखवतात. फ्रान्समध्ये पुढे जाऊ दिल्याबद्दल आभार मानायला चक्क पाय बाहेर काढतात. पुण्यात हे करायचं ठरवलं तर कोथरूडपासून स्वारगेटपर्यंत मान मोडून येईल.

रविवारी डर्बीहून ए-सिक्स रस्त्याने वर गेलं की मॅटलॉक बाथ लागतं. डरवेंट नदीकाठचं छोटं गाव, आणि ऊन पडलं की रस्त्याच्या कडेने मोटारसायकलींची रांग. लोक फिश अँड चिप्स खात एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरतात. आपल्याकडे नव्या गाडीला पहिला प्रश्न “किती देते?” इथे ॲव्हरेज विचारणारा मला अजून भेटला नाही. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात तेव्हा यातल्या अर्ध्या गाड्या रस्त्यावरून काढल्याचं सरकारला रीतसर कळवून गॅरेजात झाकून ठेवतात. चार महिने गाडी झाकून ठेवणं माझ्या आईला अजून पटलेलं नाही. “मग घेतात कशाला?”

तिथेच एकाची रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर बघत उभा होतो. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि मग लक्षात आलं, मागच्या चाकाला साडी गार्ड नाही. भारतात ते नियमानेच लागतं, मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं. इथे मागे बसणाऱ्याने दोन्हीकडे पाय टाकूनच बसलं पाहिजे असा कायदा आहे, तर साडी गार्ड कशाला. गाडीचा मालक सत्तरीचा, रेडिचचा निघाला. रेडिच म्हणजे एनफिल्डचं मूळ गाव. तिथला कारखाना १९६७ साली बंद झाला, तेव्हा त्याचे काका तिथे कामाला होते. १९५०च्या दशकापासून मद्रासला बुलेट बनत होती म्हणून नाव टिकलं, हे त्याला माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. “मी पुढच्या उन्हाळ्यात मनालीहून लेहला चाललोय,” तो म्हणाला. गाडी तिथेच भाड्याने. आणि लायसन्स? कोपऱ्यावरच्या दुकानात साडेपाच पौंड देऊन इंटरनॅशनल परमिट घेतलंय.

साडेपाच पौंड! मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मग त्याला मॉड वनची सगळी कहाणी सांगितली. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, “मग माझी परीक्षा तू घे.”

म्हणून त्याला शिकवायला बसलो. ट्रकवाल्याने खिडकीतून हात हलवला तर पुढे जा. समोरून लाइट आला तर तू थांब, तो थांबणार नाही. घाटात चढणाऱ्याला वाट दे. गाय बसली असेल तर ती उठणार नाही, बकरी असेल तर तिच्यामागे आणखी बकऱ्या आहेत. वळणावर हॉर्न, ओव्हरटेकला हॉर्न, गावात शिरताना हॉर्न. हे त्याने सगळं ऐकलं, फोनवर टिपूनही घेतलं, पण हॉर्नपाशी अडला. विनाकारण? वळणापलीकडे कुणी नसेल तरी? म्हटलं, तू भिंतीकडे वळून बघतोस ना, तसंच. त्याने मान डोलावली, चावी फिरवली आणि सरावाला म्हणून हॉर्न दाबला. जेमतेम पीप. रांगेतली पंधरा-वीस डोकी वळली. त्याने हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं “सॉरी” म्हणाला.

मी म्हटलं, “नापास. पुन्हा.”